लिफ्टजवळची खोली

आमच्या हॉटेलात एक खोली अशी आहे, जी मी आपणहून कुणाला देत नाही. दुसऱ्या मजल्यावर, लिफ्टला चिकटून. लिफ्ट हलली की पलंग थरथरतो आणि भिंतीपलीकडे कपडे धुण्याची यंत्रं घरघरत असतात. मालकांना दहादा सांगितलं, तिथे चादरी-उशा ठेवा. मालक म्हणतात, लग्नसराईत तीसुद्धा जाते. जाते खरी. कुणाला जाते, ते मी खोलीकाकांकडून शिकले.

हे नाव मीच ठेवलेलं. शेजारच्या हॉलमध्ये त्यांच्या घरातलं लग्न असलं की परगावच्या पाहुण्यांची सोय बघायला तेच यायचे. नोकरी पाणीपुरवठा खात्यात. मूलबाळ नाही. धाकट्या भावाच्या घरात वरच्या मजल्यावर नवराबायको राहायची आणि भावाची मुलं यांच्याच अंगाखांद्यावर वाढलेली. लग्न कुणाचंही असो, काका आपले माझ्या काउंटरला कोपर टेकून उभे. कुणीतरी जेवणाचं ताट आणून द्यायचं, ते गार झाल्यावर खायचे. नवरी बघायचे ती फोटोत.

पण डोकं काय चालायचं! घोरणाऱ्याच्या खोलीत कमी ऐकू येणारा. वाटणीवरून ज्यांचं बोलणं बंद, त्यांचे मजलेच वेगळे. नवऱ्याच्या आईला खिडकीची खोली, मग खिडकीतून मागची गटार का दिसेना. "दोन साडू एका खोलीत घालायचे नाहीत," मला बजावायचे. "एका म्यानात दोन तलवारी. त्यात दोन्ही गंजलेल्या." मी काउंटरवर हसून घ्यायचे आणि त्यांच्यासाठी चहा मागवायचे.

आणि जो कुणालाच नको असायचा, त्याला लिफ्टजवळची. आधी एक पिऊन गोंधळ घालणारे मेहुणे होते. ते वारल्यावर काकांची म्हातारी आत्या. तिच्या अंगाला मलमाचा वास, रात्रभर बडबड, कधीकधी अंथरूणही ओलं व्हायचं. सख्ख्या सुना तिच्या खोलीत झोपायला तयार नसायच्या. काका तिला हाताला धरून आत आणायचे, किल्ली हातात ठेवायचे आणि साखर घोळलेल्या आवाजात म्हणायचे, "आत्या, तुझ्यासाठी खास लिफ्टजवळची ठेवलीय. गुडघ्यांना त्रास नको."

आत्या जरा वेळ किल्लीकडे बघत राहायची. मग म्हणायची, "किती करतोस रे माझं."

मला चीड यायची. एकदा बोललेच. "काका, म्हातारीला फसवता तुम्ही."

"अहो बाई, दोन रात्रींचा तर प्रश्न. इतरांना झोप लागते आणि तिलाही बरं वाटतं. बिघडलं कुणाचं?"

निवृत्त झाल्यावर बायको आजारी पडली, तेव्हा तिला घेऊन ते तिच्या माहेरच्या गावी गेले. तिथे बहिणी होत्या तिच्या, मदतीला म्हणून. भाड्याचं घर घेतलं. बायको काही वाचली नाही. पुढे काका एकटेच तिकडे राहत होते. यंदा धाकट्या भावाच्या मुलीचं लग्न निघालं आणि काका पहिल्यांदाच पाहुणे म्हणून माझ्या दारात आले. वाळले होते. बरोबर दोन मोठ्या बॅगा आणि एक कापडी पिशवी. पिशवीतून कुकरची दांडी बाहेर आलेली.

"काका, लग्नाला कुकर?" मी चेष्टा केली.

"घर सोडलं तिकडचं," ते म्हणाले. तोंडावर हसू मावत नव्हतं. "ही गेली तेव्हा भाऊ म्हणाला होता, दादा, एकटा कशाला राहतोस, ये आपल्या घरी. लग्न आटोपलं की सगळ्यांबरोबर घरीच जाईन."

"त्यांना कळवलंय ना?"

"कळवायचं काय त्यात? आपलंच घर."

खोल्या आदल्या दिवशीच ठरल्या होत्या. पुतण्या येऊन गेला होता, काउंटरला तसंच कोपर टेकून. मोठेकाका हल्ली सारखे खोकतात, एकच गोष्ट तीनदा विचारतात, कपड्यांना वास येतो, त्यांच्या खोलीत राहायला कुणी तयार नाही, असं म्हणाला. मी म्हटलं, मागच्या बाजूला एक शांत खोली आहे, ती द्या. तर ती म्हणे नवऱ्याच्या मित्रांना लागणार. पुढे बोलायचा मला काय अधिकार? मी ठरलं तसं लिहून घेतलं.

तेवढ्यात पुतण्या जिन्यावरून खाली आला. तोंड भरून हसला, काकांच्या हातातली पिशवी घेतली आणि किल्ली पुढे केली.

"मोठेकाका, तुमच्यासाठी खास लिफ्टजवळची ठेवलीय. गुडघ्यांना त्रास नको."

काकांचे गुडघे ठणठणीत आहेत. ते किल्लीकडे बघत राहिले. मला वर बघवेना, मी उगाच पेनाचं टोपण काढत-घालत बसले.

"किती करतोस रे माझं," काका म्हणाले.

लग्न छान झालं म्हणतात. दुसऱ्या दिवशी दुपारी गाड्या लागल्या, पाहुणे पांगले. धाकटा भाऊ हिशेब मिटवायला आला, तेव्हा काका कोचावर बसले होते, नवा शर्ट घालून. बॅगा पायाशी.

"अरे दादा, तुझी गाडी कितीची?" भावाने विचारलं. "सोडायला पाठवू कुणाला?"

काकांनी पायाशी ठेवलेल्या बॅगांकडे बघितलं. मला वाटलं, आता तरी सांगतील. मनात म्हटलं, सांगा हो, लाज कसली.

"संध्याकाळची," ते म्हणाले. "जाईन मी. तू दमलायस."

भावाने पाठीवर हात ठेवला, तब्येतीची काळजी घे म्हणाला आणि गेला. काका काचेतून गाडी दिसेनाशी होईपर्यंत बघत होते. मग उठून काउंटरशी आले आणि कोपर टेकून उभे राहिले.

"आत्याला कळत होतं, बरं का," ते म्हणाले. "दर वेळी कळत होतं."

त्यांनी खिशातून किल्ली काढून समोर ठेवली आणि त्यावर बोट तसंच दाबून धरलं.

"ही खोली अजून राहू दे माझ्याकडे."

"मागची देते, काका. ती शांत आहे. आता रिकामीच आहे."

"नको. हीच बरी."

"किती दिवसांसाठी लिहू?"

"माझी कुठे सोय होईपर्यंत," काका म्हणाले.