मागे फिर, नीलू

कॅनडातल्या मिसिसागाहून सकाळी निघालो तेव्हा काकांच्या डोक्यावर पिवळी टोपी होती, काकूंच्या मांडीवर थालीपिठांचा डबा होता आणि दोघांचं बोलणं बंद होतं. मी त्यांच्या बेसमेंटमधला भाडेकरू, मागच्या सीटवर.

कारण त्यांचा नातू. नील वॉटर्लूला पहिल्या वर्षाला आहे आणि विद्यापीठाच्या फुटबॉल संघात रनिंग बॅक आहे. (इथला फुटबॉल हातात धरून खेळतात, पायाचं काम पळण्यापुरतं.) काकूंना ती आदळआपट नको होती, काकांना तिचंच कौतुक होतं. शेवटी नीलने शब्द दिला होता, "आजी, वन गेम बघ. तू नो म्हणालीस तर आय क्विट."

"रनिंग बॅक म्हणजे काय रे?" हायवेवर काकूंनी मला विचारलं.

मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. त्यामुळे मला सगळं येतं असं काकू धरून चालतात आणि तो समज मोडणं माझ्या जिवावर येतं. किनवटच्या शाळेत मी कबड्डी खेळलो होतो. म्हटलं, "धावत परत येणारा. चढाई करायची, गडी बाद करायचे आणि परत आपल्या बाजूला."

"परत येतो ना? मग ठीक आहे."

काकांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं. चूक त्यांच्या सोयीची होती, म्हणून त्यांनी ती दुरुस्त केली नाही.

वॉटर्लूला मेपल लालभडक झाले होते. पार्किंगमध्ये लोक गाड्यांमागे शेगड्या मांडून सॉसेज भाजत होते. गेटवरच्या मुलीने डबा उघडायला लावला. "इज दिस पिझ्झा?" काकूंनी एक थालीपीठ तिच्या हातावर ठेवलं. डबा आत गेला.

आत अर्ध्या लोकांच्या गालांवर नीलचा बावीस नंबर रंगवलेला. शेजारचा दाढीवाला म्हणाला, असा पोरगा इथे कित्येक वर्षांत आला नाही. "माय ग्रँडसन," काका म्हणाले. हे त्यांनी पुढच्या-मागच्या रांगांनाही कळवलं.

नीलला चेंडू मिळाला. दोघांना हुलकावणी देऊन तो घुसला आणि पाच जणांखाली दिसेनासा झाला.

"हा परत का येत नाही?"

"येईल," मी म्हणालो.

तिसऱ्यांदा तेच झालं तेव्हा काकू उभ्या राहिल्या. "मागे फिर, नीलू!"

दाढीवाल्याला ती घोषणा वाटली. त्याने उचलली, मग रांगेने, मग सगळ्या स्टँडने. "मागे फिर, नीलू!" टाळ्यांच्या ठेक्यावर.

शेवटचा डाव. नीलचा संघ चार गुणांनी मागे. चेंडू घेऊन नील डावीकडे धावला; तिथे समोरच्या संघाची भिंत उभी होती. तो थबकला, खरंच मागे फिरला, आणि रिकाम्या उजव्या बाजूने थेट शेवटच्या पट्ट्यात गेला. टचडाउन, म्हणजे सहा गुण. सामना आमचा. दाढीवाल्याने काकांना उचललं.

नील कठड्यापाशी आला. "सो, आजी? येस ऑर नो?"

काकूंनी त्याचं खरचटलेलं कोपर उलटसुलट करून पाहिलं. "खेळ. पण असाच परत येत जा."

परतीच्या वाटेवर मी कबूल केलं, "काकू, मी अर्थ चुकीचा सांगितला होता. बॅक म्हणजे मागच्या फळीतला."

"असू दे. चूक तुझी, टचडाउन माझा," काकू म्हणाल्या. काका हसले. अबोला सुटला.

बेसमेंटमध्ये पोचतो तोच आईचा फोन आला. तिकडे पहाट झाली होती. तिला सगळा सामना सांगितला.

"आजीने हाक मारली आणि पोरगं मागे फिरलं म्हण की," ती म्हणाली. मग तिने विचारलं, "तू कधी फिरणार?"

मी तिला खेळाचे नियम पुन्हा पहिल्यापासून समजावून सांगू लागलो.