संप्रेरकांत ढवळाढवळ

मुलगी आठ वर्षांची असताना आंघोळ घालताना तिच्या छातीत माझ्या हाताला गाठ लागली. घाटकोपरच्या आमच्या डॉक्टरांनी मुलुंडला एका डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं. त्यांनी रिपोर्ट पाहून सांगितलं, "घाबरायची गाठ नाही. वयात येतेय, जरा लवकर."

"पण का?" नवऱ्याने विचारलं.

"बऱ्याचदा कारण सापडत नाही. एन्डोक्राइन डिसरप्टर्सबद्दल बोललं जातं. पण हिला त्यानेच झालं, असं मी म्हणणार नाही."

तो शब्द मला ठाऊक होता. मी आरोग्याच्या पत्रकांचे मराठी अनुवाद करते, आणि नेमकं त्याच विषयाचं पत्रक त्या आठवड्यात हातात होतं. घरी आले, कुकर लावला आणि कामाला बसले. दुसरं काय करायचं ते सुचलं नाही.

'एन्डो' ग्रीक, म्हणजे आत. शरीरात आतल्या आत पाझरतं ते. हार्मोनही ग्रीकच, चेतवणारं. आपण संप्रेरक म्हणतो. 'एन्डोक्राइन डिसरप्टर' हा जोडशब्द मात्र अलीकडचा. वेगवेगळ्या विषयांचे शास्त्रज्ञ एका बैठकीला जमले, प्रत्येकाला आपापल्या प्राण्यांत सारखाच बिघाड दिसत होता, त्याला नाव हवं होतं. जपानीत याला पर्यावरणातली हार्मोन्स म्हणतात. मी 'अंतःस्राव-विघातक' लिहिलं, खोडलं. मग 'संप्रेरकांत ढवळाढवळ करणारी द्रव्यं' लिहिलं आणि ठेवलं. रडू येईल असं वाटत होतं. आलं नाही.

पत्रकातल्या अशा द्रव्यांच्या यादीत प्लॅस्टिकमधली रसायनंही होती. रविवारी नवऱ्याने स्वयंपाकघरातले प्लॅस्टिकचे सगळे डबे पिशवीत भरून दाराशी ठेवले. सोमवारी कामाला येणाऱ्या मावशींनी पिशवीत डोकावलं.

"हे टाकताय? चांगले आहेत की."

"जुने झालेत."

"मग मी नेते. नातीला शाळेत डब्याला होतील."

त्या गोवंडीहून येतात. नात दुसरीत आहे. डॉक्टरच खात्रीने सांगत नाहीत, तर मी काय सांगणार, असं मनाशी म्हणत मी "न्या" म्हटलं.

वयात येणं लांबवायला मुलीला आता दर तीन महिन्यांनी इंजेक्शन असतं. मी बाजूच्या खुर्चीत बसून भिंतीवरची चित्रं बघते. मावशींना डब्यांचं खरं कारण सांगायला मला दोन महिने लागले. त्या भांडी घासत होत्या. नळ बंद करून त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"एवढं होतं तर तेव्हाच बोलायचं ना, ताई."

मी "हो" म्हटलं. त्यांनी नळ सोडला.