सुकलालभाऊंचे आवाज

सुकलालभाऊंना ग्रुपमधून मीच काढलं. आमच्या ठिबक कंपनीच्या जळगाव ऑफिसातून मी हा व्हॉट्सॲप ग्रुप सांभाळतो. जळगाव-धुळ्याचे एकशे चाळीस फिटर त्यात आहेत. माझा पाचोऱ्याचा डिप्लोमा ताजा होता, म्हणून नियमही ताजे केले: अडचण लिहायची, उत्तर लिहायचं, ऑडिओ बंद. शिरपूरचे सुकलालभाऊ सत्तावीस वर्षं काम केलेले जुने फिटर. त्यांनी त्याच संध्याकाळी दीड मिनिटाचा ऑडिओ टाकला. शब्द एक नाही, नुसती मोटारीची घरघर. मी बटण दाबलं आणि ग्रुपला शिस्त लागल्याचं साहेबांना कळवूनही टाकलं.

मे महिन्यात ग्रुपमधली नवी फिटर सुनिता यावलला अडकली. तिचं एकटीचं पहिलंच काम. तोतारामआबांची केळी निसवलेली, म्हणजे घड बाहेर पडलेले, टोकाच्या पट्ट्याला दोन दिवस पाणी पोचेना, आणि आबा बांधावर बसून विचारत होते, की खरा फिटर कधी येणार. तिनं ग्रुपवर सगळं नियमात लिहिलं. अकरा अंगठे आले, उत्तर शून्य.

मग तिचा मला फोन. ते आवाजवाले भाऊ कुठे गेले? तेव्हा मला कळलं, की भाऊंचे ऑडिओ पोरं जपून ठेवतात. हवा धरलेली लाइन कशी बोलते, मोटार बसण्याआधी कशी कुरकुरते, हे लिहून येत नाही. ऐकून ताडावं लागतं.

भाऊंना परत घेतलं. त्यांनी थेट सुनितालाच गाठलं. म्हणाले, "बेटी, फोन फिल्टरले लाव नि चूप ऱ्हाय."

वीस सेकंदांची सळसळ यावलहून शिरपूरला गेली. उत्तर आलं, "व्हॉल्व पूरा बसेल नही शे. खडा अडकेल शे. खोल नि साफ कर."

फिल्टर धुवायच्या वाटेनं पाणी गुपचूप नाल्यात चाललं होतं. हरभऱ्याएवढा खडा निघाला. तासाभरात टोकाची केळी भिजली, आणि आबांनी सुनिताचा नंबर मोटारीच्या खोलीच्या भिंतीवर खडूनं लिहून घेतला.

आज ग्रुपवर असे त्रेसष्ट आवाज आहेत, नऊ सुनिताचे. धुळ्यात नवा फिटर लागला, की पान्ह्याच्या आधी त्याला हे मिळतात. साहेब अहवालात त्याला ज्ञानसंग्रह म्हणतात. लिहू देत.

मी भाऊंना खासगीत माफीचे चार परिच्छेद पाठवले, शुद्ध भाषेत. त्यांचं उत्तर आलं, "माले ग्रुपमाईन काढं ना तू? मंग माफीबी ग्रुपमाच मांग. लिखीसन नही, बोलीसन."

चारदा रेकॉर्ड केलं, चारदा पुसलं. भाऊ मात्र प्रत्येक नव्या ऑडिओच्या शेवटी, मोटार बंद झाल्यावर, शांतपणे नोंदवतात, "ॲडमिनना आवाज अजून बाकी शे."