नवरीच्या नावाची जागा

मी प्रेमगीतांचा गायक. हसू नका. धाकटी डहाणूपासून अच्छाडच्या ढाब्यांपर्यंत एकेकाळी माझी सीडी वाजायची. पांढरा शर्ट, नीट भांग, तोंडात ना तंबाखू ना शिवी. आयांना मी जावई म्हणून हवा असायचो. पुढे डीजे आले आणि मी हळदीच्या कार्यक्रमांपुरता उरलो.

हळदीला माझं एकच गाणं मागतात. त्याच्या दुसऱ्या ओळीत नवरीचं नाव घालायचं असतं. ते काम माझ्या बायकोचं. ती आधी फोन करून मुलीला घरात काय हाक मारतात ते विचारायची आणि चालीत बसवून द्यायची. एकदा म्हणाली, "अहो, कधीतरी माझं पण घाला की." मी म्हणालो, "आपलं झालंय ना लग्न, आता कशाला?" असला मी रोमँटिक!

गेल्या वर्षी ती कॅन्सरने गेली. नंतर कित्येक महिने मी गायलोच नाही. पण मला दुसरं येतं काय? शेवटी तलासरीजवळच्या एका पाड्यावरची हळद घेतली. आपल्याला अजून गाता येतं की तेही तिच्याबरोबर गेलं, एवढंच बघायचं होतं.

नवरीचं नाव मीच विचारून हातावर लिहिलं होतं. दुसरी ओळ आली आणि तोंडातून बायकोचं नाव गेलं. माझा जुना कीबोर्डवाला वाजवायचा थांबला. नवरीची आई पुढे आली. म्हटलं, आता ही मला खाणार.

"भाऊ, ही कोण?"

"माझी बायको."

मांडवभर हशा पिकला. नवरीची आईही हसत म्हणाली, "अगंबाई, वहिनींची आठवण आली वाटतं! मग आणलं का नाही त्यांना?"

समोर पाटावर हळदीने माखलेली पोर बसलेली. तिच्यासमोर काय सांगू, मेलेल्या बाईचं नाव घेतलं म्हणून? म्हणालो, "तिला बरं नाही, घरी आहे." मग नवरीचं नाव घालून गाणं पुरं केलं. गळा चालला मेला. मला त्याचाच राग आला.

निघताना त्या माउलीने डबा हातात दिला, मटण आणि तांदळाच्या भाकरी. "वहिनींना द्या हं, गरम आहे तोवर." मी घेतला. नाही कसं म्हणणार?

गाडीत बसल्यावर कीबोर्डवाला हळूच म्हणाला, "दादा, भूक लागलीय. उघडू का डबा?"

"हात लावू नकोस," मी त्याच्यावर ओरडलो, "तिचा आहे तो!"