अक्कांचा कट

कन्नड मुलखातल्या मळमड्डीत सुशीलाक्कांचं लेडीज टेलरिंगचं दुकान आहे. मी तिथं हातशिलाईला बसते. दुकानात चिंध्या साठतात तसे किस्सेही साठतात. चिंध्यांच्या निदान उशा तरी होतात! आणि आमचे निम्मे किस्से एका 'कट'चे.

*

साताऱ्याहून लग्न होऊन आले, तेव्हा दुकानात मी नवीनच होते. एका गिऱ्हाइकाचा फोन आला, "माझा बोट कट झाला का हो?"

"अगंबाई! हळद दाबा आधी!" मी ओरडले.

तिला होडीसारख्या गळ्याचा ब्लाऊज हवा होता. अक्का म्हणाल्या, "ती गळ्याचं विचारतीय, तू बोटाला हळद लावतीयस!"

*

केलगेरीची एक बाई परकर घेऊन आली. "लाडी कट्रि," म्हणाली. लाडी म्हणजे नाडी, एवढं कन्नड मला येत होतं. घेतली कात्री, केली कट! बाई किंचाळली.

अक्कांनी कपाळावर हात मारला. "अगं, कट्टु म्हणजे बांध! इंग्रजीत तोडायचं, कन्नडात बांधायचं. तू मराठीत गप तरी बसायचीस!"

*

शेजारच्या रिटायर्ड हेडबाईंनी 'प्रिन्सेस कट' सांगितला. टेप पुरेना. अक्का गंभीर चेहऱ्यानं म्हणाल्या, "शिवते की. पण राजकन्येची आता राजमाता झालीय, कापड जास्त लागेल!"

*

एक कट मात्र अक्कांना निस्तरता येईना. लेक मंजूनं मनासारखं लग्न केलं, तेव्हा त्या रागाच्या भरात बोलून गेल्या, "आजपासून संबंध कट!" मंजूनं ते खरं केलं. राहते इथून जवळच, हुबळीत, कमरीपेठेला. पण अक्का दर रविवारी फोन करतात आणि ती कट करते.

मला राहवलं नाही. "कशाला करता हो? कट तर करतीय."

"कट करतीय म्हणजे बरी आहे की! नुसताच वाजत राहिला तर मी काय समजू?"

मला सुईत दोरा ओवता येईना.

*

गेल्या रविवारी फोन कट झाला नाही. मंजूनं चक्क उचलला! बोलली मात्र नाही. पलीकडून तान्ह्या बाळाचं रडणं ऐकू आलं. बाळ झाल्याचं आम्हाला कुणी कळवलंच नव्हतं.

अक्का डोळे मिटून ऐकत राहिल्या. मग त्यांनीच फोन बंद केला.

"अहो अक्का! इतक्या वर्षांनी तिनं उचलला आणि तुम्हीच कट केलात?"

"मग काय करू? मूल रडत होतं की. दोन्ही हात मोकळे नकोत तिला?"