पुट्टम्माच्या विहिरीचा दोर

म्हैसूर जवळ आलं तेव्हा मी अर्धवट झोपेत होते. गाडीच्या खिडकीतून पांढुरक्या खोडांची झाडं ओळीने मागे सरकत होती, उंच, सडपातळ, एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं अशी. ऊन अजून त्यांच्या शेंड्यांवरच होतं. मला वाटलं, मी स्वप्नात आमचाच माळ बघते आहे. कारण सासवडजवळच्या आमच्या आईच्या दोन एकर माळावर नेमकी हीच झाडं, निलगिरी, लावायचं माझ्या धाकट्या भावाने, दत्तूने, ठरवलं होतं. माळ आम्हा दोघांच्या नावावर. नर्सरीत रोपं सांगून झाली होती, फक्त माझा होकार राहिला होता. "ताई, म्हैसूरला चाललीच आहेस तर तिथली झाडं बघून ये आणि आल्यावर हो म्हण," असं त्याने निघताना सांगितलं होतं. नाही म्हणायची सोय त्याने ठेवलीच नव्हती.

मलाही हो म्हणायचंच होतं, खोटं कशाला बोलू. ना शेरडं तोंड लावत, ना राखण लागत. लावावं आणि विसरून जावं, असं झाड.

स्टेशनवर नागराज आला होता. नागराज माझ्या आत्याचा मुलगा. आत्या लग्न होऊन इथल्या रंगाऱ्यांच्या घरात आली आणि इथलीच झाली. हे लोक कित्येक पिढ्यांपासून म्हैसूरचे. घरात मराठी, दारात कन्नड, आणि उंबऱ्यावर दोन्हींची खिचडी.

"बा अक्का, बा!" (ये ताई, ये) म्हणत त्याने माझी पिशवी हिसकावलीच. "किती सण्ण (बारीक) झालीस गं! ऊट (जेवण) करत नाही काय तिकडे?"

गेल्या वर्षभरात माझं वजन वाढलं आहे. पण मी ते गोड मानून घेतलं.

लष्कर मोहल्ल्यातल्या त्याच्या गल्लीत एका बाजूला पत्रा ठोकणारे, दुसऱ्या बाजूला शिलाई मशिनी. नागराजच्या बायकोने, शोभाने, गरम अक्कीरोट्टी (तांदळाच्या पिठाची भाकरी) आणि खोबऱ्याची चटणी वाढली. तिसरी रोट्टी मोडताना माझं लक्ष मागच्या अंगणातल्या तांब्याच्या हंड्याकडे गेलं. नागराजचं पोट छपाईच्या दुकानावर चालतं, पण आजोबांचा हा हंडा त्याने मोडीत काढलेला नाही. त्यात तो निलगिरीची पानं उकळतो आणि रेशमाचे स्टोल रंगवतो. "गुळाच्या पाकासारखा रंग येतो ना?" मी विचारलं.

"येत होता म्हण," तो म्हणाला. "या वर्षी रंग मेला, अक्का. मातकट येतो सगळा. पानं बिघडली, अल्वा (नाही का)? आज नवी आणू. तू पण चल, आईची झाडं बघशील."

ती झाडं आत्याने लावलेली. वरुणा गावाबाहेर उतारावर तिने एक तुकडा घेतला होता. तेव्हा सरकारी रोपं फुकट वाटत, ऑस्ट्रेलियाचं झाड आहे, झटपट वाढतं म्हणून. ती कापून विकली की बुंध्यातून पुन्हा फुटत. त्या लाकडावर नागराजची मुलगी नर्स झाली. हे तो फार अभिमानाने सांगतो, आणि सांगावंच.

स्कूटरवरून निघालो. भातखाचरं, ऊस, दुधाचे कॅन लावलेल्या मोटारसायकली. आत्याच्या तुकड्याकडे वळताना वाळक्या पानांवरून चाक घसरलं आणि आम्ही दोघं अगदी सावकाश, बसल्या बसल्या, आडवे झालो. लागलं काहीच नाही. शोभाने दिलेला डबा मात्र गडगडत उतरणीला गेला आणि त्याच्यामागे नागराज.

मी एकटी झाडांत शिरले. आत शिरताच उजेड बदलला, पातळ झाला. वर पानं सळसळत होती, थेट पावसाचा आवाज, आणि अंगावर थेंब नाही. खोडांच्या साली लांबच लांब सुटून लोंबत होत्या आणि आतून गुलाबीसर, नितळ अंग दिसत होतं. लहानपणी सर्दी झाली की आई रुमालावर दोन थेंब टाकायची, तो वास सगळीकडे भरलेला. मी खाली बसले, डोळे मिटले आणि आई जवळ असल्यासारखं मला वाटलं. किती वेळ गेला कोण जाणे. मग हळूहळू कळलं की आपल्याला काहीतरी ऐकू येत नाहीये. पाखरू नव्हतं. बुडाशी गवताची काडी नव्हती. पानांखाली हात घातला तर माती कोरडी खडखडीत.

उताराच्या पायथ्याशी एक घर आणि एक विहीर. ते पुट्टम्माचं. सत्तरीची, काटक बाई, कपाळावर विभूती. दाराशी पाण्याने भरलेली घागर तयार होती. नागराज पानं न्यायला आला की ही घागरही नेतो. त्याच्या आजोबांपासूनचा शिरस्ता आहे. या विहिरीच्या पाण्यात रंग खुलतो, नळाच्या पाण्यात खुलत नाही. आणि पुट्टम्माचा शिरस्ता असा की, पाहुण्याच्या हातात दोर द्यायचा नाही. पाणी त्याच्या आधी दारात आलेलं असलं पाहिजे.

हे मला काहीच ठाऊक नव्हतं. ती ताक आणायला आत गेली, नागराज पानं भरत होता, मला हातपाय धुवायचे होते. मी सरळ विहिरीवर गेले आणि बादली सोडली.

दोर काथ्याचा होता. थोडा गेला आणि कप्पीवर टक् वाजलं. गाठ. पुढे निळा नायलॉन. पुन्हा टक्. पुढे गाईचं दावं. टक्. मग पिळून वळलेली जुनी साडी, हिरवी, काठासकट. बादली जातच होती, अजून पाण्याचा आवाज नव्हता. सात गाठी मोजल्या तेव्हा कुठे खालून चिखलात काहीतरी पडल्यासारखा आवाज आला.

"बेडा! बेडा!" (नको, नको) पुट्टम्मा ताकाचा पेला घेऊनच धावत आली.

मी ओढत होते, दमले होते. नागराज आला, त्याने माझ्या हातातून दोर घेतला. तीन गाठी ओढल्यावर तो थांबला. साडीच्या तुकड्याकडे बघत राहिला. मग उरलेला दोर ओढला. बादलीत अर्धं पाणी आणि अर्धा गाळ.

पानं बिघडली नव्हती.

"किती वर्षं झाली?" त्याने कन्नडमध्ये विचारलं. पुढचं सगळं त्यानेच मला मराठीत सांगितलं.

"एका वर्षाला एक गाठ," पुट्टम्मा म्हणाली. "पाऊस बरा झाला तर नाही."

"मला का नाही सांगितलंस, अम्मा? मी दर खेपेला घागर भरून नेतो!"

"तुझी आई खड्डा खणायची, मी रोप धरायची. दोघींनी मिळून लावलीत ती. आता मेलेल्या मैत्रिणीशी भांडू काय?"

नागराज खाली बसला. पहाटे उठून म्हातारी सात गाठी ओढते आणि आपण स्कूटरवरून येऊन घागर उचलतो, हे त्याला आज दिसलं होतं. त्याचे डोळे भरून आले. माझेही.

"काढून टाकतो," तो म्हणाला. "कापत नाही आता. मुळासकट."

पुट्टम्मा एकदम उखडली. "सगळी? मग चूल तुझ्या डोक्यावर पेटवू? गोठ्याचे वासे कुठून आले? वारा कोण अडवतो?" तिच्या बोटाने हवेत बरीच झाडं वाचवली. शेवटी ठरलं, विहिरीकडच्या ओळी खणून काढायच्या, रस्त्याकडेची वरची एक ओळ ठेवायची, पानांपुरती आणि चुलीपुरती. खालच्या जागेत होंगे (करंज) लावायचा. पाणी परत येईल का, ते कुणीच बोललं नाही. त्या दिवशी नागराजने घागर तिच्याच रांजणात ओतली आणि बादलीतलं गढूळ पाणी आम्ही नेलं.

रात्रभर ते निवळत ठेवलं, तुरटी फिरवली, फडक्यातून गाळलं. सकाळी हंड्यात रेशमाची एक पट्टी रंगली, अगदी पूर्वीसारखी. नागराजला आनंद झाला नाही. पट्टी वाळली तशी त्याने माझ्या पिशवीत घातली. "तुझ्या भावाला दाखव. रंग चांगलाच आहे, म्हणावं."

परतीच्या गाडीतून तीच झाडं पुन्हा दिसली, पांढुरकी, ओळीने. सुंदरच दिसली. मला त्यांचा राग आला नाही. ती बिचारी दुसऱ्याच्या देशात आली, लावलं तिथे उभी राहिली, आणि तहान लागली तेव्हा प्याली. कुठे उभं करायचं ते आपण ठरवलं होतं.

दत्तू माळाच्या कडेच्या आमच्या विहिरीपाशीच उभा होता. "बघितलीस ना झाडं? मग हो सांगू नर्सरीत?"

मी पट्टी दाखवली, पुट्टम्माची गोष्ट सांगितली. पण गोष्टींनी पटेल तर तो दत्तू कसला. "अगं, ते म्हैसूर आहे," तो म्हणाला. मग मी त्याच्या हातात दोर दिला आणि म्हटलं, प्रवासातून आले आहे, आधी प्यायला पाणी काढ.

त्याने बादली सोडली. आईच्या वेळचा दोर, अखंड, एकाच तुकड्याचा. कप्पीवर एकदाही टक् झालं नाही. चार हात ओढले आणि बादली काठावर आली, स्वच्छ, सांडणारी.

"हे घे," दत्तू म्हणाला. "त्यात काय एवढं?"

"एवढंच," मी म्हटलं, आणि ओंजळ पुढे केली.

तो पाणी ओतत राहिला. मग हातातल्या दोराकडे त्याने एकदा बघितलं, आणि नर्सरीत नको सांगायला खिशातून फोन काढला.