फूल कोणत्या बाजूला पडलं

देवीवर माझा विश्वास होता, असं म्हणायला जीभ रेटत नाही. दत्तक मुलाची वाट पाहण्यात चार वर्षं गेली आणि तेवढ्या काळात माझी श्रद्धा पार आटून गेली. सणावाराला गडावर जायचे, देवीची ओटी भरायचे, ते केवळ सासूबाईंची कटकट नको म्हणून. अशात नगरच्या एका शिशुगृहातून फोन आला. पाच महिन्यांची मुलगी आहे, ओठ आणि टाळू दोन्ही दुभंगलेले आहेत, येऊन बघा.

मी आणि आमचे हे, दोघं गेलो. तिथल्या मावशींनी तिला माझ्या मांडीवर उभी धरायला लावलं आणि बोंडल्याने थेंब थेंब दूध पाजायला सांगितलं. दोन घोट नीट गेले. पुढचा नाकातून बाहेर आला, पोर ठसकली, निळी पडली. मावशींनी झटकन तिला काढून घेतलं. ती पुन्हा श्वास घ्यायला लागली, पण मी बोंडलं पुन्हा हातात घेतलं नाही. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. आधी वजन वाढायला हवं, मग ओठाचं ऑपरेशन, मग टाळूचं, पुढे बोलायला शिकवणं. शिवाय छाती कमकुवत, त्यामुळे खात्री कशाचीच देता येणार नाही. उद्या संध्याकाळपर्यंत हो की नाही ते कळवा, म्हणाले. आम्ही नाही म्हटलं तर तिला दुसरं घर कधी मिळेल, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं.

पाथर्डीला घरी आलो तर सासूबाई दारातच बसलेल्या. सगळं ऐकून म्हणाल्या, "आगं, तिच्या आयनं गिरानात कायतरी चिरलं आसंल. दुसऱ्याचं गिरान आपल्या दारात कशाला?" ग्रहणात गरोदर बाईने काही चिरलं की पोराचा ओठ फाटतो, अशी त्यांची समजूत. हे ताटावर बसून नुसतीच भाकरी कुस्करत राहिले. खरं सांगते, मला सासूबाईंचा राग आला नाही. त्यांच्या बोलण्याचा आधारच वाटला, आणि मग स्वतःची किळस आली. शेवटी त्यांनीच तोडगा काढला. सकाळी गडावर जाऊन कौल लावायचा, देवी सांगेल तसं करायचं. मी लगेच मान डोलावली. नकार कुणीतरी माझ्या वतीने द्यावा, एवढंच मला हवं होतं.

दसरा होऊन गेला होता. ऊसतोडीला निघालेल्या टोळ्यांचे ट्रक गडाखाली उभे होते, भांडीकुंडी आणि गोधड्यांनी भरलेले. निघण्याआधी देवीचं दर्शन घ्यायची त्यांची रीत, त्यामुळे रांग मोठी होती. रांगेतही हे माझ्याशी ऑपरेशनांचंच बोलत होते. आमच्याकडे कौल लावताना प्रश्न मोठ्याने विचारावा लागतो. पुजाऱ्याने देवीच्या दोन्ही खांद्यांना ओलं फूल चिकटवलं. उजवं पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. मी नुसतेच हात जोडले, तेव्हा सासूबाईच खणखणीत आवाजात म्हणाल्या, "आई, फाटक्या ओठाची पोर घरात आनावी का न्हाई?"

सगळा गाभारा ऐकत होता. फूल हलेना. रांग मागून रेटत होती आणि मी मनात म्हणत होते, पाड, डावं पाड.

माझ्या मागे उभी असलेली एक बाई म्हणाली, "ताई, असं नगा इचारू."

मी मागे वळले. ऊसतोडीला निघालेलीच कुणी होती, हातात देवीच्या ओटीचं ताट.

"माझं पयलं तसंच हुतं," ती म्हणाली. "लई गोड. दूध नाकातून यायचं. कारखान्यावर पाचटाच्या कोपीत गेलं. ऑपरेशन आस्तंय, ह्ये आमाला कुनी सांगितलंच न्हाई. तुमाला ठावं हाय, तरी इचारताय?"

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी तोंड फिरवलं असतं. तिने ताटातला खण, तांदूळ आणि नारळ उचलला आणि माझ्या पदरात घातला. पुजारी करवादला, "बाई, ही देवीची ओटी हाय!"

"तिलाच भरली, असं समजा," म्हणत तिने देवीला हात जोडले आणि ती गर्दीत निघून गेली. मी ओटी धरून रडत सुटले. तेवढ्यात फूल पडलं म्हणे. सासूबाई लोकांना सांगतात डावं पडलं, हे सांगतात उजवं. मी पाहिलंच नाही. गडाच्या पायऱ्या उतरतानाच शिशुगृहाला फोन लावला आणि हो म्हणून सांगितलं.

त्यानंतर सगळं सुरळीत झालं, असं नाही. कागद पुरे होण्याआधीच पोरीला न्यूमोनिया झाला. सासूबाई माझ्याशी बोलत नाहीत. मी नगरला राहून रोज दवाखान्यात तिला पाजते. अजून दूध नाकातून येतं. मी पुसते, ती दम खाते, मग पुन्हा बोंडलं लावते. काल डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन लांबलं, अजून विचार करायला वेळ आहे. मी म्हटलं, विचारून झालंय.

त्या बाईचं नाव मला ठाऊक नाही. कुठल्या कारखान्यावर गेली तेही नाही. ती कोण होती याचा खल मी करत नाही. तिच्या ओटीतले तांदूळ मात्र पिशवीत जवळ ठेवलेत. पोर झोपली की हात जोडते आणि एवढंच म्हणते, आई, तुझे उपकार. हिला जगवणं तुझ्याकडे, दूध पाजणं माझ्याकडे.